पोपटी गाठ

सरकारी कारखान्याचा भोंगा वाजला की बाबा अंघोळीला जायचे. मग इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचायचे, पट्टा आवळायचे, ओल्या केसांचा भांग पाडायचे आणि खाटेच्या कडेला बसायचे. जायचं कुठेच नसायचं. माल चढवताना एक पेटी त्यांच्या पाठीवर आली होती आणि ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता. तरी वर्षानुवर्षं ते तसेच तयार होऊन बसत. आई एकदा म्हणाली, "अहो, निदान पट्टा तरी सैल करा. पाठीला रुतते न."

बाबा म्हणाले, "पट्टा काढला की घरी बसल्यासारखं वाटते."

काम होतं तेव्हा आम्ही लोकांना सांगायचो, बाबा कारखान्यात आहेत. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बाबा ठेकेदाराचे; पक्के, म्हणजे कायम नोकरीचे लोक वेगळे. त्यांना क्वार्टर होते, पास होते, त्यांच्या बायका गणपतीत मंडळाच्या मांडवात पुढच्या खुर्च्यांवर बसायच्या. त्यांच्यातली एखादी आईला विचारायची, "तुमचे कोणत्या सेक्शनला आहेत?" आई "आहेत न" म्हणायची आणि प्रसादाच्या रांगेत सरकायची. पक्कं हा शब्द मी तेव्हापासून ऐकते आहे. आमच्या घरात कोणीच पक्कं नव्हतं.

बाबांचं काम सुटल्यावर आम्ही दोन खोल्यांतून एका खोलीत आलो. गोहलपुरात, वेल्डिंगच्या दुकानावर. खाली मशीन सुरू झालं की आमची फरशी थरथरायची आणि मांडणीवरची पातेली सरकत सरकत काठावर यायची. ती मागे ढकलणं हे माझं काम. मी पुस्तक उघडून बसायचे, एक डोळा पुस्तकावर, एक पातेल्यांवर. दहावी, बारावी अशीच केली. त्या खोलीने मला एक सवय लावली ती अजून गेली नाही. मला स्वस्थ बसता येत नाही. बसले तर पाय हलतो. आई म्हणते, "काहून हलवून राहिली पाय? आता खाली काही मशीन नाही."

आई तेव्हा मागच्या गल्लीतल्या कारखान्यात जाऊ लागली. कारखाना म्हणजे तीन मजली घर. तिथे सलवार-सूट बनायचे. खाली कटिंग, मधे शिलाई मशीन, आणि वरच्या हॉलमध्ये बायका दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसून हाताचं काम करायच्या. तुरपाई, हुक, बटण. शेवटी कुर्त्याच्या बाजूचा कट जिथे सुरू होतो तिथे आतून चार टाके आणि एक गाठ, म्हणजे कट वरपर्यंत उसवत नाही.

ही गाठ प्रत्येक बाई आपल्या रंगाच्या दोऱ्याने मारायची. कापड कोणतंही असो. पीस कोणाचा हे मोजताना कळावं म्हणून कधीतरी ते सुरू झालं असेल. पुढे नंबरच्या चिठ्ठ्या आल्या, प्रत्येक पिसाला एक टोचलेली. मोजायला गाठीची गरज उरली नाही, पण रंग राहिले. चिठ्ठी पॅकिंगमध्ये निघून जायची, गाठ कुर्त्याबरोबर जायची. आईचा रंग पोपटी. आमच्या शेजारची मावशी, जिने आईला तिथे लावून दिलं, तिचा लाल. आणि हॉलमध्ये सगळ्यात जास्त तोंड चालणारी एक आपा होती, तिचा जांभळा.

आईची एक खोड होती. अमावास्येला आम्ही ग्वारीघाटावर जायचो. नर्मदेत दिवा सोडून झाला की आईचं लक्ष आरतीत नसायचं. ती गर्दीतले कुर्ते पाहत असायची. एखादा ओळखीचा वाटला की थेट त्या बाईजवळ जायची. "दीदी, ज़रा रुको, धागा निकला है." बाई थांबायची, आई वाकायची, कट उलटवून आत पाहायची, उगाच दाताने दोरा तोडल्यासारखं करायची आणि परत यायची. मी लाजेने दुसरीकडे पाहत उभी.

"आपाचा निघाला," ती म्हणायची. किंवा, "आपला नाही हा, दुसऱ्याच कारखान्याचा." एकदाच मी तिला पळत येताना पाहिलं. साडीचा काठ भिजलेला, हातात द्रोण तसाच. "पोपटी! कटनीची बाई आहे. म्हणे लग्नातल्या आहेरात आला."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? माझा आहे न तो."

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला वाटलं, आपली आई जरा वेडी आहे.

मी बी.कॉम. झाले. बाबांकडून आणि आईकडून मिळून आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी खालच्या आवाजात सांगत नाही. काळ्या गाऊनमधला माझा फोटो बाबांनी फ्रेम करून दाराच्या समोर लावला, येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. सकाळी त्याच्याकडे पाहिलं की मला जोर यायचा. हा जोर पुढे मला महागात पडला.

सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसांमध्ये मी अर्ज टाकले, परीक्षा दिल्या, वाट पाहिली. वाट पाहणं मला जमत नाही. तेवढ्यात कारखान्याच्या मालकांनी, ज्यांना सगळे भैया जी म्हणत, आईजवळ विचारलं. वरच्या हॉलला सुपरवायझर हवी होती. मी सुट्ट्यांमध्ये त्याच दरीवर बसून, आईच्याच पोपटी दोऱ्याने काम केलं होतं, त्यामुळे काम माहीत होतं.

भैया जी म्हणाले, "तीन महीने देखते हैं, बेटा. लगन का माल टाइम पे, ठीक-ठाक निकल गया तो पक्की. नहीं तो वापस दरी पे, अम्मा के बगल में." आणि हसले. मी हसले नाही. त्या एका शब्दासाठी बाबा पट्टा आवळून बसत होते.

मला एक टेबल मिळालं आणि एक खुर्ची. हॉलमधली एकुलती एक. बाकी सगळ्या खाली, त्यांत आई. मला त्या खुर्चीवर दोन मिनिटं बसवत नसे. उठायचे, रांगेतून फिरायचे, पीस उचलून पाहायचे, मोजायचे, पुन्हा मोजायचे. आपा म्हणाली, "मैडम जी की कुर्सी में कील है क्या? बैठती ही नहीं." सगळ्या हसल्या. आईसुद्धा.

पहिल्याच आठवड्यात मी रंगीत दोरे बंद केले. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, माल एकसारखा दिसला पाहिजे. आत जांभळं, लाल, पोपटी हे गावठी वाटतं. बिस्किटाचा एक रिकामा डबा घेऊन मी रांगेतून फिरले आणि सगळ्यांची रिळं गोळा केली, बदल्यात पांढरी दिली.

"धागे ने क्या बिगाड़ा, मैडम जी?" आपाने विचारलं.

"फिनिशिंग एक जैसी चाहिए."

"अंदर से कौन देखता है?"

"कोई नहीं देखता, तो फिर रंग काहे को?" मी म्हटलं. मला वाटलं मी जिंकले.

आईजवळ आले तेव्हा तिने पोपटी रीळ डब्यात टाकलं. मी डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

त्यानंतर काम थंडावलं. भांडण नाही, तक्रार नाही. बायका वेळेवर यायच्या, वेळेवर उठायच्या, आणि मधल्या वेळात हात नुसते चालायचे. पूर्वी हॉलमध्ये "हा पाहा माझा, एक टाका दिसून राहिला का बाहेरून?" असं चालायचं, ते थांबलं. रोजचा आकडा खाली येत होता. मी अजून फिरू लागले. रिक्षासारखी फिरून राहिली, असं आई घरी म्हणाली. मी तिच्यावर ओरडले, "मग तुम्ही लोक काम का करत नाही?" तुम्ही लोक. तिने ताटात भात वाढला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

बी.कॉम.च्या एका पेपरात आम्हाला एक धडा होता, अभिप्रेरणा. माणसाकडून काम कसं करून घ्यावं. मी तो पाठ केला होता आणि चांगले मार्क घेतले होते. त्यात लिहिलं होतं की चांगल्या कर्मचाऱ्याचा सर्वांसमोर गौरव करावा. मला माझा गाऊनमधला फोटो आठवला. मी जाहीर केलं की महिन्यात जिचे पीस सगळ्यात जास्त, तिचा मोठा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लागणार.

आणि आकडा चढला. खरंच चढला. विशेषतः मावशीचा. ती आधीपासून चांगली होती, पण आता तिचे पीस दीडपट निघू लागले. खोक्यांवर खोके भरून गोडाऊनला गेले. भैया जी म्हणाले, "पढ़ाई का असर है." मी त्या दिवशी खुर्चीवर बसले. चांगला अर्धा तास.

महिना संपला. मावशीचा फोटो मी मोबाईलवर काढला होता, पदर सारखा करून, थोडं हसताना. तो मोठा करून, सोनेरी फ्रेममध्ये घालून मी संध्याकाळी सगळ्या गेल्यावर लावला, सकाळी आल्या आल्या दिसावा म्हणून. भिंतीवर एकच खिळा मोकळा होता. लक्ष्मीच्या, गणपतीच्या आणि भैया जींच्या स्वर्गवासी वडिलांच्या फ्रेमच्या रांगेत.

आमच्याकडे एक म्हातारे चौकीदार होते. डोळ्यांत मोतीबिंदू. ते रोज सकाळी हॉल उघडायचे, झाडायचे आणि त्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमना फुलांचा हार घालून उदबत्ती लावायचे. त्या दिवशी त्यांना तीनऐवजी चार फ्रेम लागल्या. त्यांनी मोजल्या नसतील. हार कमी पडला म्हणून त्यांनी खाली जाऊन अजून एक आणला. हे त्यांनीच नंतर मला सांगितलं, चांगल्या मनाने.

साडेनऊला बायका जिना चढून आल्या. मावशी सगळ्यात पुढे. समोर तिचा हसरा फोटो, झेंडूचा हार, कपाळावर चंदनाचं बोट आणि खाली दोन उदबत्त्या.

आपा म्हणाली, "हाय अल्लाह, कल शाम तक तो अच्छी-भली थीं."

दोन-तीन जणी हसल्या आणि एकदम थांबल्या. मावशीचं उन्हाळ्यात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर ती मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात होती आणि त्यातले चार दिवस आम्ही सगळ्यांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. ती फोटोकडे पाहत उभी राहिली. गळ्यातलं मंगळसूत्र हातात धरलं. मग डब्याची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली.

मी स्टुलावर चढून हार काढला. उदबत्ती विझवताना बोट भाजलं. आई मागून म्हणाली, "जिवंत माणसाचा फोटो तिथे कोणी लावते का? शिकली न तू?" एवढंच. पण सगळ्यांसमोर.

दुपारी मी फ्रेम पिशवीत घालून मावशीकडे गेले. दार उघडंच होतं. ती पालक निवडत होती आणि तिचे यजमान, काका, खाटेवर बसून तिला म्हणत होते, "मी म्हटलं वर जायला आधी माझा नंबर आहे, तू काहून मधे घुसली?" मला पाहून ते बाहेर निघून गेले.

मी माफी मागितली. खूप बोलले. खिळा, चौकीदार, मोतीबिंदू, सगळं. मावशीने फ्रेम हातात घेतली, नीट पाहिली.

"फोटो चांगला आला आहे. राहू दे. पुढे कामी येईल," ती म्हणाली. मग पालकाची जुडी बाजूला ठेवली. "फोटोचं जाऊ दे गं. लाज वाटली ती त्याची नाही. तुला खरं सांगू का?"

"सांग न."

"मी जास्त पीस काहून काढले? लांब टाके टाकले म्हणून. बोटभर-बोटभर. कटाचे चार टाके असतात न, मी एकच मारत होती. तू मोजून राहिली होती, मग मी पण मोजून राहिली. आतून कोणी पाहत नाही, तूच म्हणाली. माझी गाठ असती तर मी असं केलं असतं का? उद्या कोणी उलटवून पाहिलं असतं तर म्हणाले असते, लालवालीने केलं. आणि त्याचाच तू हार घातला."

"मी नाही घातला, मावशी."

"तेच ते. फोटो तर तूच लावला न."

मी तिथून चालत निघाले ते सरळ गोडाऊनला. एक खोकं फोडलं, दुसरं फोडलं. चिठ्ठ्या निघून गेलेल्या, गाठी सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या, जशा मला हव्या होत्या तशा. बाहेरून काही कळत नव्हतं. आतून काही नीट होते आणि काही असे की एका धुण्यात कट कमरेपर्यंत उसवला असता. आणि एकट्या मावशीचे नव्हते. कोणाचे ते ओळखायला काही साधन नव्हतं. ते साधन मीच डब्यात बंद केलं होतं.

माल निघायला नऊ दिवस होते. गप्प बसले असते तर माल वेळेवर गेला असता, बहुधा मी पक्कीही झाले असते. मी तासभर गोडाऊनच्या दारात येरझारा घातल्या. मग भैया जींकडे गेले.

"किसने बोला खोलने को?" ते ओरडले.

"किसी ने नहीं. मैंने खोला."

"व्यापारी उलट के नहीं देखता."

"पहनने वाली धोएगी तो दिखेगा, भैया जी. माल वापस आएगा."

ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. "तारीख नहीं हिलेगी. आगे तुम जानो और तुम्हारी अम्मा लोग."

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटाचा डबा दरीवर मधोमध ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं, मराठीत आणि हिंदीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपाने पहिला प्रश्न विचारला, "दोबारा करने का मिलेगा कि मुफ़्त में?" मी म्हटलं मिळेल, आणि खाली जाऊन भैया जींशी भांडून ते मिळवलं. दोघी जणी तरीही म्हणाल्या की आम्ही जास्तीचं बसणार नाही, घरी लेकरं आहेत. बसल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपा डब्यातून रीळ शोधत म्हणाली, "हमें गाँठ-वाँठ से क्या, हमें तो लड़की को पढ़ाना है. पर जामुनी ही देना, हाथ को आदत है." मावशी अकरा वाजता आली आणि हात पुढे केला. "माझा लाल दे."

पण अडलं उसवण्यात. आधीचे टाके काढल्याशिवाय नवे घालता येत नव्हते, आणि उसवायला बसावं तर तुरपाईला हात उरत नव्हते. दोन दिवसांत मला दिसलं की हे नऊ दिवसांत होत नाही. मी स्वतः जिन्यावर उभी राहून उसवत होते. रात्रभर बोटांत सुईची टोकं जाणवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. बाबा अंघोळ करून, पट्टा लावून खाटेवर बसले. आई डबा भरत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"कामाला. कैची धरता येते न?"

बाबा जिना फार हळू चढले. खाली दरीवर त्यांना बसता येणं शक्य नव्हतं. हॉलमध्ये एकच खुर्ची होती. मी ती खिडकीजवळ ओढली, वर उशी ठेवली आणि त्यांच्या मांडीवर कुर्त्यांचा ढीग दिला. ते आधी एकेक टाका इतका जपून काढत होते की मावशी म्हणाली, "भाऊजी, बॉम्ब नाही तो, कुर्ता आहे." दुपारपर्यंत त्यांचा हात बसला. संध्याकाळी सगळ्या उठल्या तरी ते उठले नाहीत. "एवढा ढीग होऊ दे," म्हणाले. मी त्यांना कित्येक वर्षांनी पट्टा सैल करताना पाहिलं. एक भोक मागे घेतलं आणि पुन्हा कैची उचलली.

ते सातही दिवस आले. मला बसायला जागा नव्हती, आणि त्या सात दिवसांत मला बसावंसं वाटलंही नाही. मी उभ्याने तपासायचे. कट उलटवायचा, आत पाहायचं. लाल. जांभळा. पोपटी. पोपटी. एखादा टाका ढिला दिसला की कोणाकडे न्यायचा ते विचारावं लागत नव्हतं. "मावशी, हा?" एवढंच. "आण इकडे," ती म्हणायची, रागाने, माझ्यावर नाही, त्या पिसावर.

माणूस काम कशामुळे करतो ते मला अजून नीट सांगता येत नाही. पेपरात विचारलं तर आता मला कमी मार्क पडतील. आपाला मुलीला शिकवायचं आहे, मावशीला लालवालीचं नाव राखायचं आहे, आईला घाटावर कोणाचा तरी कुर्ता उलटवून पाहायचा आहे, बाबांना भोंग्यानंतर कुठेतरी जायचं असतं. मला काय हवं होतं ते मी सांगितलंच आहे.

शेवटचं खोकं ठरलेल्या दिवशी दुपारी ट्रकवर चढलं. त्या मालातला एकही पीस परत आला नाही. पुढच्या महिन्यात भैया जींनी मला पत्र दिलं आणि बाबांनाही धागे कापायच्या कामावर ठेवून घेतलं. खुर्च्या आता दोन आहेत. पत्र फ्रेम करायचं बाबांनी काढलं होतं, आईने करू दिलं नाही. ते कपाटात, पदवीच्या कागदाखाली आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि पक्की झालेलीही मीच पहिली.